पुढचे सहा ब्रेक

वसईकडच्या वटार गावच्या आलोशियस तुस्कानोने सतरा वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. गार्डाचा डबा म्हणजे चार चाकांवरचं पत्र्याचं खोकं. आत एक लाकडी बाक, हँडब्रेकचं चाक आणि हवेचा दाब दाखवणारा काटा. दिवा नाही, पंखा नाही, संडास नाही. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की बाकाला पाठ लावायची सोय नव्हती, आणि पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी झड आत यायची. गाडी कुठल्याशा आडरानात सिग्नलला उभी राहिली की चार-चार तास हलत नसे. खाली उतरावं तर गवतात काय असेल सांगता येत नाही. आत बसावं, तर वाघिणींतली, म्हणजे मालडब्यांतली, साखर चोरायला आलेली टोळी आधी गार्डावर दगड घालणार हे ठरलेलं.

पण गार्डाला खरी भीती हिसक्याची. इंजिनाने गाडी ओढली की दोन वाघिणींमधली ढिली जोडणी ताणली जाते, मग मागची, मग तिच्याही मागची. असं चाळीस वेळा होत होत तो ताण शेवटी गार्डाच्या डब्यावर येऊन आदळतो. उभा असलेला माणूस भिंतीवर फेकला जातो. आलोशियसच्या ओळखीतल्या एका गार्डाचे पुढचे चार दात असेच गेले होते, आणि एक जण तर दारातून थेट खडीवर पडला होता.

मायकल लोपीस ड्रायव्हर असला की मात्र आलोशियस गाडी सुटताना हातात चहा घेऊन उभा राहायचा. मायकल इंजिन असं अलगद उचलायचा की कपातला चहा नुसता हलायचा. "पुढे मायकल आहे ना, मग मी झोपलो तरी चालेल," असं तो घरी सालोमीला सांगायचा. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एकोणनव्वद साली भिवंडीच्या बाजूला गाडी सुटायच्या वेळी आलोशियसच्या कपाळावर दगड बसला आणि तो डब्यात बेशुद्ध पडला. मायकलने शिट्टी दिली. मागून हिरवा झेंडा दिसेना. दुसऱ्या एखाद्याने जागेवरूनच आणखी चार शिट्ट्या मारल्या असत्या. मायकल अर्धा किलोमीटर खडीतून चालत मागे आला, त्याने आलोशियसला खांद्यावर घेतलं आणि तसंच रस्त्यापर्यंत नेऊन एका टेम्पोत घातलं. कपाळावर सात टाके पडले. त्याच वर्षी नाताळच्या आधी फ्लॉसी जन्मली, तेव्हा तिचा धर्मबाप कोण व्हायचा याची घरात चर्चासुद्धा झाली नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मायकलनेच तिला हातांवर धरलं.

मायकल जवळच्याच निर्मळ गावचा. त्याची बायको बर्था आणि सालोमी दोघी मिळून आगाशीच्या बाजाराला जायच्या. दोन्ही घरं अशी एकमेकांत मिसळलेली होती, की फ्लॉसीला लहानपणी 'माझे दोन पप्पा' असं म्हणायची सवय लागली होती आणि कुणी ती मोडली नाही.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी फ्लॉसीचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा दिवस. साडेआठची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. घरात आठवडाभर गडबड. पांढरा झगा, पांढरे बूट, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट. आलोशियसने रजा मागितली होती, पण गार्डांची तूट होती आणि रजा नामंजूर झाली. निदान मायकल आणि तो एकाच गाडीवर होते. शनिवारी दुपारी दिवा जंक्शनकडून सिमेंटची गाडी घेऊन निघायचं, रात्री वसईला पोचायचं, असा हिशेब होता. हिशेब मालगाडीचा, म्हणजे धरून चालायचा नाही. वाटेत सगळीकडे थांबत थांबत सकाळी सहा वाजता गाडी वसईच्या अलीकडच्या एका छोट्या स्टेशनात येऊन उभी राहिली. वसईच्या यार्डात जागा नव्हती. स्टेशन मास्तरांनी निरोप दिला, की गाडी इथेच बाजूच्या लाइनीवर सोडायची आणि नुसतं इंजिन घेऊन ड्रायव्हरने वसईला जायचं, तिथे दुसरी गाडी त्याच्यासाठी खोळंबली आहे.

दोघांची ड्युटी सुरू होऊन चौदा तास उलटले होते.

गाडी अशी इंजिनाशिवाय सोडायची तर ती जागची हलू नये म्हणून दोन्ही टोकांच्या सहा-सहा वाघिणींचे हँडब्रेक आवळायचे असतात. मागचे गार्डाने, पुढचे ड्रायव्हरने. ब्रेक म्हणजे वाघिणीच्या कडेला असलेलं लोखंडी चाक, सगळी ताकद लावून फिरवायचं. हवेचा ब्रेक असतो, पण इंजिन निघून गेलं की नळ्यांतली हवा हळूहळू कमी होत जाते. मग गाडी धरून ठेवतात ती ही चाकंच.

आलोशियसने मागची सहा चाकं आवळली. हातांना फोड आले. तो स्टेशनच्या खोलीपाशी आला तेव्हा मायकल समोरून लगबगीने येत होता.

"पुढचे सहाही आवळलेत," मायकल म्हणाला. "सिग्नल मिळालाय मला. इंजिन घेऊन गेलो तर अर्ध्या तासात वसई. पुढच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर द्यायला सांगतो, माझे तास भरलेत. साडेआठला चर्चमध्ये उभा राहतो बघ."

आलोशियसला गाडी मास्तरांच्या ताब्यात दिल्याशिवाय हलता येणार नव्हतं, आणि पुढची पॅसेंजर साडेनऊला होती. म्हणजे मिस्सा चुकलीच. त्याने मायकलच्या पाठीवर हात ठेवला. "दोघांपैकी एक पप्पा तरी असू दे तिथे."

"मास्तरांच्या वहीत सही राहिलीय माझी."

"जा तू. सहीचं मी बघतो."

मायकल पळत इंजिनाकडे गेला. इंजिनात त्याचा सहायक नरहरी राऊत बसला होता, चाळिशी ओलांडलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. इंजिन गेलं. आलोशियस मास्तरांच्या खोलीत आला आणि त्याने नोंदवहीत लिहिलं, 'दोन्ही टोकांचे सहा-सहा हँडब्रेक आवळले.' ड्रायव्हरच्या रकान्यात 'इंजिन घेऊन रवाना' असं लिहून खाली आपली सही केली. पुढची चाकं हात लावून बघायला अर्धा किलोमीटर चालावं लागलं असतं. तो चालला नाही. मायकलने आवळलीत म्हटल्यावर परत बघायचं, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

घरी पोचला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. फ्लॉसी झग्यातच अंगणात पळत होती. मायकल तिच्या मागे मागे. मिस्सेच्या वेळी तो सालोमीच्या शेजारी उभा होता आणि फोटोतही आला होता. दुपारी पंधरा-वीस माणसं जेवायला होती. जेवणं उरकली, मोठी माणसं वाडीत केळींच्या सावलीला खुर्च्या टाकून बसली. चारच्या सुमारास सायकलवरून रेल्वेचा कॉलमन आला. ड्युटीचा निरोप द्यायला तोच नेहमी यायचा, म्हणून सालोमीने कपाळाला आठ्या घातल्या. पण त्याचा चेहरा वेगळा होता.

"तुस्कानोसाहेब, तुमची सिमेंटची गाडी घरंगळली. पॉइंट्समन सदानंद खाली आला. जिवंत आहे, पण पाय गेला म्हणतात."

आलोशियसने मायकलकडे बघितलं.

"पुढचे आवळले होतेस ना?"

"म्हणजे काय!" मायकल म्हणाला. "सांगितलं ना तुला."

तेवढ्या शब्दावर आलोशियस कॉलमनबरोबर गेला.

झालं होतं ते असं. दोनच्या सुमारास नळ्यांतली हवा संपली, नुसत्या मागच्या सहा ब्रेकना गाडी धरवेना आणि ती उताराला लागली, आधी दिसेल न दिसेल अशी. सदानंद पारकर हा त्या स्टेशनातला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे काटे बदलणारा, मूळचा राजापूरकडचा, विरारला भाड्याने राहणारा. तो जेवणाचा डबा धूत होता. गाडी हलताना बघून तो ओरडत धावला. पहिल्या वाघिणीच्या चाकाखाली त्याने लाकडी ठोकळा सरकवला, त्याचा भुगा झाला. मग गाडीच्या बाजूने धावता धावता त्याने हँडब्रेकचं एक चाक आवळलं, मग दुसरं. तिसऱ्या चाकाला लोंबकळत असताना खडीवरून पाय सटकला. गाडी पुढे लाइनीच्या टोकाला घातलेल्या वाळूच्या ढिगात जाऊन थांबली. त्या दोन चाकांनी वेग मोडला नसता तर ती ढिगारा ओलांडून मुख्य लाइनीवर गेली असती, आणि तिथे पॅसेंजर यायची वेळ झाली होती. सदानंदचा डावा पाय गुडघ्याखालून गेला.

स्टेशनात साहेब लोक आले होते. आलोशियसच्या हातात कागद दिला. त्याने लिहिलं, की दोन्ही टोकांचे ब्रेक आवळले होते. मागचे मी स्वतः, आणि पुढचेही. 'मायकलने' असं लिहायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी, एवढ्या माणसांत मित्राचं नाव घेणं म्हणजे त्याच्यावर बोट दाखवल्यासारखं त्याला वाटलं असतं. सही केली आणि मग कुणीतरी त्याला सांगितलं, की सदानंदने आवळलेली दोन सोडली तर पुढच्या सगळ्या वाघिणींची चाकं पूर्ण सैल सापडली आहेत. बोटाने फिरतील इतकी.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मायकल आला. वाडीतल्या विहिरीपाशी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

"राहून गेलं रे आलोश. पहिल्या वाघिणीला हात लावला आणि सिग्नल पडला. वाटलं, हवा आहे तोवर वसईहून दुसरं इंजिन येईल. चौदा तास झाले होते. डोकं चालत नव्हतं."

"मग मला आवळलेत म्हणून का सांगितलंस?"

"सांगितलं. तोंडातून गेलं."

आलोशियसला राग आला होता, पण हा माणूस आपल्याला खांद्यावर घेऊन खडीतून चालला होता हेही त्याला दिसत होतं.

"मी स्वतःच सांगणार आहे चौकशीत," मायकल म्हणाला. "तू माझं नाव घेऊ नकोस, एवढंच. माझ्या तोंडून गेलं तर शिक्षा थोडी कमी होईल. मला जरा वेळ दे, बर्थाला अजून काही सांगितलेलं नाही."

आलोशियसने वेळ दिला. चौकशीला तीन आठवडे होते आणि त्या तीन आठवड्यांत मायकल जवळजवळ रोज यायचा. कधी फ्लॉसीसाठी आइस्क्रीम आणायचा, कधी नुसताच बसायचा. आणि बसला की विचारायचा. मास्तर त्या वेळी कुठे होते? आत फोनवर, आलोशियस सांगायचा. आपण बोलत होतो तेव्हा बाहेर कुणी होतं का? नाही, सदानंद पलीकडच्या काट्याजवळ होता. वहीत नेमकं काय लिहिलंस? आलोशियसने शब्द न् शब्द सांगितला. जबाबात काय लिहिलंस? तेही सांगितलं. सालोमी एकदा म्हणाली, "मायकलभाऊ एवढं काय काय विचारतात?" तर आलोशियसने तिला गप्प केलं. घाबरलाय बिचारा, म्हणाला.

चौकशी मुंबईच्या ऑफिसात झाली. आधी मायकलला आत बोलावलं. तो तासाभराने बाहेर आला आणि आलोशियसकडे न बघता सरळ जिना उतरून गेला. आलोशियसला वाटलं, सगळं कबूल करून आलाय, तोंड दाखवायची लाज वाटत असेल.

आत गेल्यावर चौकशी अधिकाऱ्यांनी समोरचा कागद वाचून दाखवला. "ड्रायव्हर लोपीस सांगतात की त्यांच्या ड्युटीचे तास संपले होते आणि सिग्नल मिळाला होता. त्यांनी तुम्हाला सांगितलं, पुढचे ब्रेक राहिलेत. त्यावर तुम्ही म्हणालात, 'जा तू, मी बघतो.' बरोबर आहे का हे?"

"मी म्हणालो, सहीचं मी बघतो."

"म्हणजे 'जा तू' म्हणालात?"

"हो. पण सहीचं. ब्रेक आवळलेत असं तो मला म्हणाला होता, साहेब. आणि नंतर माझ्या घरी येऊन कबूलही केलं त्याने."

"हे तुमच्या पहिल्या जबाबात का नाही? इथे तुम्ही लिहिलंय, पुढचेही आवळले होते. वहीतही तुमचीच सही आहे. म्हणजे तुम्ही न बघता लिहिलंत, का बघून खोटं लिहिलंत?"

दोन्हीकडून तोच बुडत होता. त्याने मित्रासाठी जे जे झाकलं होतं, ते सगळं नेमकं त्याच्याच अंगावर ओढलं गेलं होतं. मायकलने त्याच्या वाक्यातला एकच शब्द काढून घेतला होता, आणि त्या बोलण्याला कुणी साक्षीदार नाही याची खात्री आलोशियसनेच त्याला विहिरीच्या काठावर बसून करून दिली होती. नरहरी राऊतला विचारलं, तर तो म्हणाला, "ड्रायव्हर खाली उतरले होते. मी आत होतो. मला काही दिसलं नाही." तो खोटं बोलला नाही, आणि त्याच्या बोलण्याने कुणाचं काही निभावलंही नाही.

निकाल लागायला आठ महिने गेले. आलोशियसला गार्डाच्या पदावरून खाली उतरवून यार्डात कारकून केलं. काम काय, तर गाडी आली की तिच्या कडेने चालत जाऊन प्रत्येक वाघिणीचा नंबर कागदावर उतरवायचा. ऊन असो, पाऊस असो. मायकलला नुसती समज मिळाली, आणि दोन वर्षांनी तो पॅसेंजरचा ड्रायव्हर झाला. तोपर्यंत मात्र तो वसईच्या यार्डात मालगाड्या आणत राहिला, आणि आलोशियस त्याच्या गाडीच्या कडेने नंबर उतरवत चालत राहिला. इंजिनापाशी पोचलं की मायकल हटकून दुसऱ्या बाजूच्या खिडकीत जाऊन उभा असायचा.

पहिल्या नाताळला बर्था फ्लॉसीसाठी फ्रॉक घेऊन आली. सालोमीने तिला दारातच थांबवलं. "बर्था, तुला माहीत आहे का काय झालं ते?"

बर्था खाली बघून म्हणाली, "मला दोन मुली आहेत गं."

"मला एकच आहे," सालोमी म्हणाली, आणि फ्रॉक परत दिला. फ्लॉसी रडली. बारा वर्षांची होईपर्यंत तिला काही सांगितलं नाही. मग एक दिवस सालोमीने सगळं सांगितलं आणि त्यानंतर फ्लॉसीने मायकल अंकल हे नाव कधी काढलं नाही.

आलोशियसला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपत होतं ते सदानंदचं. अपघातानंतर चौथ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला होता. दुसऱ्यांदा ऑपरेशन होऊन सदानंद गुंगीत होता. त्याची बायको वसुंधरा कॉटजवळ उभी होती. तिने विचारलं, "गार्ड तुम्हीच ना? वहीत सही तुमचीच आहे ना?" तो हो म्हणाला. "मग जा इथून," ती म्हणाली. तो जो तिथून निघाला तो पुन्हा गेला नाही. मायकल चौकशीत बोलला की मग जाऊन सांगू, असं त्या वेळी मनाशी होतं. पुढे तर सांगायला तोंडच उरलं नाही. खरं सांगितलं तरी शिक्षा झालेल्या माणसाचं रडगाणं वाटणार.

अशी आठ वर्षं गेली. वटारच्या बाजूलाही इमारती यायला लागल्या, आलोशियसचे केस पिकले. दोन हजार पाच साली, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी मायकल दारात येऊन उभा राहिला. अंग सुटलं होतं, हातात टोपी. सालोमी उठून आत निघून गेली.

"बसू का?" त्याने विचारलं.

"बस."

"पुढच्या महिन्यात रिटायर होतोय."

"ऐकलं."

मायकल टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "आलोश, मी पापनिवेदन केलं. आठ वर्षं जीभ रेटत नव्हती. या वेळी बाहेरगावचे फादर आले होते, त्यांच्यापाशी सगळं बोललो. त्यांनी पापक्षमा दिली. म्हणाले, ज्याचं वाईट केलंस त्याच्याकडेही जा. म्हणून आलो. मला माफ कर."

आलोशियसने कितीतरी वेळा मनातल्या मनात हा क्षण उभा केला होता. त्यात तो ओरडायचा, कधी मायकलच्या कानाखाली वाजवायचा. आता समोर हा म्हातारा होत चाललेला माणूस बघून त्याला तसलं काही करावंसं वाटेना.

"करतो," तो म्हणाला. "तू एक काम कर. माझ्याबरोबर सदानंदकडे चल. आत्ता. त्याला सांग, पुढचे ब्रेक कुणी आवळले नव्हते ते. ऑफिसात काही सांगू नकोस, माझं जे जायचं ते गेलं. फक्त त्या माणसाला सांग."

मायकलची टोपी थांबली.

"ते कसं जमेल? महिना राहिलाय. त्याने कुठे तक्रार केली, कागद पुन्हा उघडले, तर माझी पेन्शन अडकेल. तू समजून घे ना."

"मग रिटायर झाल्यावर सांगशील?"

मायकल पुन्हा टोपी फिरवू लागला.

"म्हणजे फादरना सांगितलंस, कारण ते कुणाला सांगणार नाहीत," आलोशियस म्हणाला. "आणि मला सांगितलंस, कारण माझं कुणी ऐकणार नाही. ऊठ मायकल."

"आलोश..."

"ऊठ. माफीबिफी काही नाही. जा तू."

तो गेल्यावर आलोशियसने शर्ट बदलला, स्कूटर काढली. सालोमीने विचारलं, तेव्हा "विरारला जाऊन येतो" एवढंच म्हणाला.

सदानंदला अपघातानंतर रेल्वेने पार्सल ऑफिसात बसून करायचं काम दिलं होतं. विरार पूर्वेला एका इमारतीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. वसुंधराने दार उघडलं आणि ओळखलंही, कारण तिचा चेहरा लगेच कोरा झाला. तरी तिने आत घेतलं. सदानंद पलंगावर बसून पेपर वाचत होता. लाकडी पाय भिंतीला टेकवून ठेवला होता.

"गार्डसाहेब," तो म्हणाला. "या."

आलोशियस उभ्या उभ्याच बोलला. ठरवून आला होता, तरी सगळं पुढेमागे झालं. सही, सिग्नल, मुलीचं कम्युनियन, विहिरीपाशी रडणं, चौकशी, आणि आज सकाळची भेट. सदानंदने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"लोपीससाहेब मला दुसऱ्याच दिवशी सकाळी हॉस्पिटलात भेटायला आले होते," सदानंद शांतपणे म्हणाला. "माझा हात धरून रडले. म्हणाले, मी गार्डाच्या भरवशावर इंजिन नेलं रे, तिथेच चुकलो. तेव्हापासून दर नाताळला येतात. केक आणतात. मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी धावपळ त्यांनीच केली."

आलोशियसने मनात दिवस मोजले. दुसऱ्या दिवशी. म्हणजे विहिरीपाशी यायच्या आधी. संध्याकाळी आलोशियसकडे येऊन 'राहून गेलं रे' म्हणायच्या आधी मायकल सकाळी हॉस्पिटलात जाऊन त्याचं नाव सांगून आला होता. म्हणूनच चौथ्या दिवशी वसुंधराने तसं विचारलं. आठ वर्षं तो समजत होता, की मायकल चौकशीच्या खोलीत घाबरला आणि ऐन वेळी फिरला. तो फिरला नव्हता. तो कधी त्याच्या बाजूला नव्हताच.

"तुम्ही सांगता ते खरं असेल," सदानंद म्हणाला. "खोटंही असेल. मी तिथे नव्हतो. मी काट्याजवळ होतो. पण ते आठ वर्षं येतात आणि तुम्ही आज आलात. मी काय धरून चालू, सांगा."

"मी तुम्हाला पटवायला आलो नाही," आलोशियस म्हणाला. "त्याने काय केलं ते त्याचं. पण न बघता सही मी केली. अर्धा किलोमीटर चाललो असतो तर तुमचा पाय आज असता. ही माफी मी कधी मागितली नाही. ती मागतो."

वसुंधरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आलोशियसने पाणी घेतलं.

सदानंद म्हणाला, "हे मला कुणी म्हटलं नव्हतं आजवर. लोपीससाहेबांनीसुद्धा नाही. ते गार्डाची चूक सांगायचे, ऑफिसवाले नियम सांगायचे." त्याने पेपरची घडी घातली. "बाकीचं मला नाही कळत. एवढं घेतलं मी."

आलोशियस निघाला, तेव्हा वसुंधरा दारापर्यंत आली. "पुढच्या वेळी येताना बायकोला घेऊन या," ती म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत दार लोटून घेतलं.

आगाशीच्या बाजारात दुपारची सामसूम होती. तो स्कूटर हळू चालवत घरी आला. सालोमी अजून जेवली नव्हती.

"पटलं का त्यांना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मायकल त्यांच्याकडे दुसऱ्याच दिवशी गेला होता. आपल्याकडे यायच्या आधी."

सालोमीने हातातली पळी भांड्यात तशीच ठेवली. मग तिने दोन ताटं घेतली, भात वाढला, त्याच्यावर आमटी घातली. दोघं जेवायला बसली. आलोशियस दोन घास जेवला आणि मग ताटावरच त्याला रडू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सालोमीने त्याला थांबवलं नाही. तिने फक्त त्याचं ताट थोडं बाजूला सरकवलं.